‘भास’ की ‘दृष्टिभ्रम’?

प्रश्न असा आहे: मेंदू बांधत असलेल्या अंदाजांमुळे आपले पाहणे कसे घडते, यावरील एका लेखात ‘भास’ आणि ‘दृष्टिभ्रम’ हे शब्द आलटून पालटून वापरले असून उदाहरण मृगजळाचे दिले आहे, हे योग्य आहे का?

माझ्या मते हे दोन शब्द वेगळे ठेवावेत. ‘कोणी हाक मारल्याचा भास झाला’ असे आपण म्हणतो, तेव्हा हाक कोणीच मारली नव्हती हे आपल्याला उमगलेले असते आणि तो भासही तेवढ्यापुरताच असतो. दृष्टिभ्रमाचे तसे नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ फ्रांझ म्यूलर-लायर यांनी 1889 मध्ये मांडलेल्या आकृतीत सारख्या लांबीच्या दोन रेघा असतात. एकीच्या टोकांशी बाहेर फाकणाऱ्या तिरक्या रेघा जोडलेल्या असतात, तर दुसरीच्या टोकांशी आत वळलेल्या. पहिली लांब दिसते, आणि पट्टी लावून दोन्ही सारख्या असल्याची खात्री करून घेतली तरी ती लांबच दिसत राहते. खरे कळताच फुटतो तो ‘भ्रमाचा भोपळा’. दृष्टिभ्रमात मात्र बुद्धीचा गैरसमज फिटतो, दृष्टीचा नाही. म्हणूनच या सामासिक शब्दातले ‘दृष्टि’ हे पूर्वपद शोभेपुरते नाही.

डोळ्यांकडून येणारी माहिती संदिग्ध असते आणि समोर काय असावे याचे अनुमान मेंदू पूर्वानुभवाच्या आधारे आपल्या नकळत काढतो, असे जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी 19व्या शतकात मांडले. शंकराचार्यांनी अध्यासाची (एका वस्तूवर दुसरीच्या आरोपाची) व्याख्या ‘स्मृतिरूपः परत्र पूर्वदृष्टावभासः’ अशी, म्हणजे पूर्वी पाहिलेले स्मृतिरूपाने भलत्याच ठिकाणी भासणे, अशी केली आहे. त्यांचा रोख वेगळा असल्यामुळे ‘हे आपल्याकडे आधीच माहीत होते’ असे म्हणण्याचा मोह टाळावा. परंतु पूर्वानुभवाचा वाटा सांगणारी इतकी नेमकी शब्दयोजना लेखकाला उपयोगी पडावी.

मृगजळाचे उदाहरण मात्र बदलायला हवे. तापलेल्या जमिनीलगतच्या हवेत प्रकाश वाकल्यामुळे आकाशाची प्रतिमा खाली दिसते, आणि ती कॅमेऱ्यातही उमटते. ‘हे पाणी आहे’ एवढाच निष्कर्ष मेंदूचा. त्याऐवजी क्षितिजाजवळ मोठा दिसणारा चंद्र घ्यावा, कारण छायाचित्रात मोजला तर तो डोक्यावरच्या चंद्राहून मोठा भरत नाही.