स्वस्तातला व्हेरिएबल एनडी फिल्टर निवडताना

प्रश्न : मी लग्नांचे व्हिडिओ चित्रीकरण करतो. भर दुपारच्या वरातीत चित्र पांढरेफटक पडते. माझ्या दोन लेन्सच्या तोंडाचा, म्हणजे फिल्टर बसतो तिथला, व्यास ५८ आणि ६७ मिलिमीटर आहे. कमी खर्चात कोणता व्हेरिएबल एनडी फिल्टर (लेन्समध्ये शिरणारा प्रकाश हवा तेवढा कमी करणारी फिरती काच) घ्यावा? – एक वाचक, बीड

उत्तर : सेकंदाला २५ फ्रेम घेताना शटर १/५० सेकंद ठेवायचे, तर वैशाखातल्या आपल्याकडच्या उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचे छिद्र एफ/४ असताना कॅमेरा साधारण १/१६०० सेकंद मागतो, म्हणजे सुमारे ५ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे) प्रकाश अडवावा लागतो. तेव्हा २ ते ५ स्टॉपचा आणि फिरवताना दोन्ही टोकांना अडून थांबणारा फिल्टर पुरेसा आहे. आठ-नऊ स्टॉपचे आश्वासन देणाऱ्या स्वस्त फिल्टरच्या मोहात पडू नये. या फिल्टरमध्ये एकमेकांवर फिरणाऱ्या दोन पोलरायझर काचा असतात आणि त्या मर्यादेबाहेर फिरवल्या, की चित्रावर, विशेषतः वाइड लेन्समध्ये, काळी फुली उमटते. ती नंतर एडिटिंगमध्येही निघत नाही.

दोन फिल्टर घेऊ नयेत. ६७ चा एकच घेऊन लहान लेन्सला ५८-६७ ची स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) लावावी. लेन्सहूड मात्र तेव्हा बसणार नाही.

दुकानात कॅमेरा घेऊनच जावे. व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची कॅमेऱ्यातली सेटिंग) स्थिर ठेवून पांढऱ्या कागदाचे चित्र फिल्टरसह व फिल्टरविना घ्यावे. थोडी पिवळट झाक दुरुस्त करता येते. परंतु झूम पूर्ण ओढून समोरच्या पाटीवरची अक्षरे फिल्टरमुळे पुसट होत असतील, तर तो फिल्टर निम्म्या किमतीतही महागच पडेल.