घोड्यातला चौथा हिस्सा आणि लेकीचं कॉलेज

अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबसहून एका वाचकाने विचारलं आहे. मुलगी जिथे घोडेस्वारी शिकते, तिथल्या मालकीणबाई जर्मनीहून आणलेल्या वॉर्मब्लड जातीच्या स्टॅलियनमध्ये (पैदाशीच्या नर घोड्यात) 20,000 डॉलरला चौथा हिस्सा देताहेत. कमाई त्याच्या रेतमात्रा, म्हणजे वीर्याच्या मात्रा, विकून. मुलगी दोन वर्षांत कॉलेजला जाईल. पैसे तिच्या 529 खात्यातून (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातून) काढावेत का?

529 ला हात लावू नका. शिक्षणाबाहेर पैसे काढले की त्यातल्या नफ्यावर आयकर, आणि वर 10 टक्के दंड. हा विषय इथेच संपला.

पण पैसे दुसरीकडून आणलेत तरी घोड्याबद्दल एक प्रश्न उरतोच, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही: इक्वाइन व्हायरल आर्टेरायटिस, घोड्यांचा एक विषाणूजन्य रोग. हा विषाणू पहिल्यांदा वेगळा काढला गेला तो 1953 च्या साथीत, तुमच्याच ओहायोतल्या बुसायरसमध्ये. ताप, पाय सुजणं, डोळे लाल होणं, आणि घोडा बरा होतो. कित्येकदा तेवढंही दिसत नाही. घोडीच्या शरीरातून विषाणू जातो. नरात मात्र तो प्रजननग्रंथींत महिनोन्‌महिने, कधी जन्मभर दबा धरून बसतो आणि प्रत्येक रेतमात्रेतून बाहेर पडतो. घोडा तगडा, गर्भधारणा उत्तम, पण गिऱ्हाइकाच्या तबेल्यातल्या गाभण घोड्या गाभ टाकतात, कारण तिथे तो श्वासातूनही पसरतो. 2006 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या क्वार्टर हॉर्स जातीच्या घोड्यांच्या एका फार्मवरून रेतमात्रांबरोबर तो अनेक राज्यांत गेला. वॉर्मब्लडमध्ये तो शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांपेक्षा बराच जास्त आढळतो.

नागिणीच्या कुळातल्या विषाणूने जननेंद्रियांवर फोड येतात, त्याचं इतकं भय नको. तीनेक आठवडे घोड्याची पैदास बंद, तेवढाच तोटा.

मालकीणबाई म्हणतील, ‘आर्टेरायटिसची लस टोचली आहे.’ पुरेसं नाही. लसीनेही रक्तात प्रतिपिंडं दिसतात, रोगानेही. म्हणून लसीच्या आधीचा निगेटिव्ह रक्ताचा रिपोर्ट मागा. तो नसेल आणि आज रक्त पॉझिटिव्ह असेल, तर रेताचीच तपासणी हवी. आधीच गोठवून ठेवलेल्या मात्राही तपासायला लावा; द्रवरूप नायट्रोजनमध्ये विषाणू मरत नाही.

घोडा वाहक, म्हणजे विषाणू बाळगून असलेला, निघालाच तर? विषाणू टिकतो तो नर-संप्रेरकाच्या जोरावर, त्यामुळे खात्रीचा उपाय म्हणजे घोडा खच्ची करणं. म्हणजे तुमचा धंदाच खच्ची. वाहक असूनही रेत विकता येतं, पण फक्त लस दिलेल्या किंवा आधी लागण होऊन गेलेल्या घोड्यांसाठी, तेही त्यांना नंतर वेगळं ठेवून. अशा घोड्याच्या हिश्शाला 20,000 कोण देईल? मी तरी देणार नाही.

तेव्हा हिस्सा घ्यायचाच असेल, तर बुडाले तरी घर हलणार नाही एवढेच पैसे घाला, आणि रिपोर्ट येईपर्यंत ते वकिलाच्या एस्क्रो खात्यात (अट पुरी होईपर्यंत पैसे राखून ठेवणाऱ्या खात्यात) ठेवा. तो निगेटिव्ह आला की कराराचा मसुदा पाठवा. दरवर्षीच्या लसीचा आणि तपासण्यांचा खर्च कोणाच्या माथी टाकला आहे, ते आधी बघू.