टेस्ट ड्राइव्हला आईला सोबत ने

अरे, फोक्सवॅगन व्हर्टस जीटी घ्यायची की ह्युंदाई आय-ट्वेंटी एन लाइन, हे इंजिनाची ताकद, म्हणजे पहिलीचे १५० पीएस आणि दुसरीचे १२० पीएस, कागदावर वाचून ठरवू नकोस. शोरूमवाले तुला मोकळ्या बायपासवर नेतील. तिथे कुठलीही टर्बो गाडी झकासच वाटते. तू सकाळी साडेनऊची वेळ माग आणि गाडी रोजच्या रस्त्याने ने, म्हणजे पुण्यातला सिंहगड रोड, राजाराम पूल, सिग्नलची रांग. क्लच दाबून दाबून डावा गुडघा बोलायला लागतो का, ते तिथेच कळतं. व्हर्टसमध्ये डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, घेणार असशील तर मुंगीच्या चालीने सरकताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हिसके बसतात का बघ.

मागे आईला बसव. माझ्या पहिल्या गाडीतून उतरताना आईला दरवाजाची चौकट धरावी लागायची. टेस्ट ड्राइव्हला मी एकटाच गेलो होतो ना, हौसेने! सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून चौघांना बसवून जा, गाडीचं पोट घासलं तर आवाज येईलच. डिकीचं म्हणशील तर व्हर्टसची ५२१ लिटरची आहे, गावाकडचं तांदळाचं पोतं आरामात मावतं. आणि हो, टायरची किंमत आधीच विचार. बुटक्या कडेच्या टायरला आपले खड्डे महागात पडतात. सेल्समन घाई करेल. करू दे.