होडीत मागे उभं राहणारीला

प्रिय पोरी,

आधी एक विचारतो: होडीत तू पुढे उभी राहणार की मागे? ठरलं नसेल तर मासेमारीच्या जोडीच्या स्पर्धेसाठी फॉर्स्टरला जायच्या आधी ठरवा. होडी तुझ्या जोडीदाराची, विजेची मोटर त्याच्या पायाखाली, तिथल्या वॉलिस लेक या तळ्यावर तो कित्येक वर्षं गळ टाकतोय. म्हणजे तू मागेच. तुला ते थोडं लागलं असणार, कारण मलाही लागलं होतं. पुढच्याला ताजं पाणी, मागच्याला त्याचं उष्टं. पण जोडीच्या ज्या स्पर्धा मी खेळलो, त्यांत डाव बहुतेक वेळा मागच्याने जिंकला किंवा घालवला. म्हणून हे पत्र मागच्या जागेबद्दल. ल्युअर, म्हणजे नकली आमिषं, कोणती घ्यायची ते यूट्यूबवरची मुलं माझ्यापेक्षा बरं सांगतील.

लहानपणी देवगडच्या खाडीत बाबा पाग टाकायला नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, उभे राहायचे आणि वल्हं माझ्या हातात असायचं. जाळं गोल पडलं की गावभर बाबांचं नाव, वाकडं पडलं की घरी माझा उद्धार. तेव्हा राग यायचा. पण होडी हातभर हलली तर जाळं कसं मिटतं हे तिथेच कळलं.

तळं समजून घे. वॉलिस लेक विस्ताराने मोठं, खोलीने मात्र किरकोळ. बऱ्याच भागात दोन मीटरच्या आसपास पाणी आणि खाली समुद्रगवत. वल्लंबा, कूलोंगोलूक, वँग वॉक आणि वॉलिंगट या नद्या वरून येतात, आणि फॉर्स्टर-टनकरीच्या पुलाखालून एकाच अरुंद तोंडाने समुद्र आत येतो. त्यामुळे छापील भरती-ओहोटीवर विसंबू नकोस. ती वेळ तोंडाजवळची. आत पाणी फिरायला बराच उशीर लागतो आणि चढउतारही जेमतेम असतो. पुलाखाली धार ओढत असताना तळ्याच्या दक्षिण टोकाला पाणी झोपलेलं असतं. उधाण आणि भांग, म्हणजे मोठी आणि लहान भरती, यांतला फरक तुला आजोबांकडून माहीत आहे. इथे तो पुलाजवळ जाणवेल, आत फारसा नाही. एका ठिकाणची ओहोटी संपली तर दुसऱ्या ठिकाणची गाठता येते, हा या तळ्याचा मोठा फायदा.

मासा म्हणशील तर ब्रीम, गोव्याकडे ज्याला पालू म्हणतात त्याचाच भाऊबंद, परांना पिवळी झाक. तो कालवांच्या आसपास राहतो, आणि कालवांची शेती हा तर तिथला मोठा धंदा. लाकडी मांडव आणि टोपल्यांच्या रांगाच्या रांगा दिसतील. ती कुणाची तरी शेती आहे. होडी बांधायची नाही, खांबाला धक्का लावायचा नाही, आणि अडकलेला ल्युअर सोडवायला मांडव हलवायचा तर मुळीच नाही. दोर कालवाला घासला की तुटतो, म्हणून तिथे गळाजवळचा फ्लुओरोकार्बनचा दोर नेहमीपेक्षा जाड लाव. चावे थोडे कमी येतील, चालेल.

स्पर्धा मे महिन्यात आहे. ऑस्ट्रेलियात थंडी तेव्हाच सुरू होते, आणि थंडीत हा मासा अंडी घालायला समुद्राच्या तोंडाकडे सरकतो, म्हणून बांधाचे दगड आणि पुलाचे खांब या दिवसांत भरलेले असतात. अर्थात हे सगळ्यांनाच ठाऊक असल्याने तिथे होड्याही भरलेल्या असतात. जोडीदार म्हणाला, गर्दी सोडून नदीच्या तोंडाशी जाऊ, तर वाद घालू नकोस. पण आधीच्या आठवड्यात मोठा पाऊस झाला असेल तर एकदा आठवण कर की वरून गढूळ, गोडं पाणी उतरल्यावर मासाही खाली उतरतो.

आता मागच्याचं काम. तो मांडवाच्या कडेने कडक ल्युअर भराभर ओढत जाईल. तू तोच ल्युअर त्याच रेषेत टाकलास तर नुसता हाताला व्यायाम. त्याने जे उठवलं पण खाल्लं नाही, ते तुझं. हलक्या जिगवर, म्हणजे वजन लावलेल्या गळावर, मऊ प्लास्टिकचं आमिष लाव, किंवा खेकड्याच्या आकाराचा ल्युअर, आणि तो दोन खांबांमध्ये नुसता पडू दे. दहापर्यंत मोज. दोर किंचित बाजूला सरकला की समज. मागचा धीमा, मागचा खोल: एवढंच मी कित्येक वर्षं केलं. आणि तुला दोन मासे सलग मिळाले तर गप्प राहू नकोस. किती खोलीवर, पडताना की उचलताना, लगेच सांग. जोडीत माहिती लपवणारे मी पाहिलेत. आपल्याच होडीत हरवायला दुसरा कोण असतो, देव जाणे.

शेवटी वजनकाट्यावर दोघांचे मिळून पाच मासे जातात. पाच भरले की लोकांना हायसं वाटतं आणि तिथेच ते थांबतात. जरा हिशेब कर. माशाचं वजन साधारण लांबीच्या घनाने वाढतं. कायद्याचं किमान माप २५ सेंटिमीटर. त्यापेक्षा ३० चा मासा जवळपास पावणेदोन पट भरतो आणि ३५ चा पावणेतीन पट. म्हणजे सकाळी भरलेल्या पाच लहानांपेक्षा दुपारी बदललेले दोन मोलाचे. सहावा आला की सर्वांत लहान लगेच पाण्यात. कोणता लहान, हे मापपट्टीने ठरव, डोळ्याने नाही. २५ सेंटिमीटरला पोचायला या माशाला पाचेक वर्षं लागतात. म्हणून मासे जिवंत ठेवायच्या टाकीची जबाबदारी तू मागून घे: पंप चालू आहे ना, पाणी बदलतंय ना, दर अर्ध्या तासाने झाकण उघडून बघ. मेलेल्या माशाला दंड असतो, आणि तो दंड नसता तरी मी हेच सांगितलं असतं. हात ओले करूनच मासा धर.

जाळीबद्दल मात्र नीट ऐक. एका वर्षी पुलाच्या खांबाजवळ माझ्या जोडीदाराला त्या दिवसातला सर्वांत मोठा मासा लागला. माझ्याही दोराला त्याच वेळी एक चिमुरडा. तो ओरडला, "जाळी!" आणि मी काय केलं? आधी माझा चिमुरडा आत घेतला. मग घाईत जाळी मागून, शेपटीकडून घातली. ल्युअरचा तिकडचा तिहेरी गळ जाळीच्या बाहेरच्या विणीत अडकला, मासा बाहेर लोंबकळला, एक झटका, संपलं. आम्ही चार मासे घेऊन काट्यावर गेलो. परतीच्या वाटेत तो एक शब्द बोलला नाही. बुलाडीलाला पेट्रोलसाठी थांबलो तेव्हा त्याने माझ्यासाठीही चहा आणला, आणि तेच जास्त लागलं.

तर: त्याला मोठा लागला की तुझा दोर लगेच गुंडाळ, रॉड आडवा ठेव. जाळी आधी पाण्यात बुडवून स्थिर धर, मासा डोक्याकडून त्याने आत आणायचा, तू पाठलाग करायचा नाही. तुझ्या माशाला तोही हेच करेल, हे आदल्या रात्री बोलून घ्या. ओरडायचा शब्दही एकच ठरवा.

वेळेचं घड्याळ तुझ्या मनगटावर. पुढचा माणूस "शेवटचा एक कास्ट" म्हणत राहतो. परत किती वाजता निघायचं ते सकाळी ठरवून तूच सांग, आणि पश्चिमेचा वारा असेल तर वीस मिनिटं आणखी धर. उथळ पाण्यात लाट छोटी पण आखूड उठते, होडी आपटते, टाकीतले मासेही आपटतात. इंजिन चालू असताना लाइफ जॅकेट अंगात आणि बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला, याबद्दल मी अधिक बोलत नाही. मासेमारीचा परवाना काढलास ना? आईला विचारून नको सांगूस, स्वतः बघ. नियमांचं पत्रक दोघांनी एकत्र वाचा. प्रत्येक स्पर्धेचा एखादा नियम वेगळा असतोच.

माझी रबरी विणीची जाळी गॅरेजमध्ये डाव्या भिंतीला टांगली आहे. त्या विणीत गळ सहसा अडकत नाही, उशिरा शिकलो. गुरुवारी संध्याकाळी येऊन घेऊन जा, काकू थालीपीठ करणार आहे. परत आणताना गोड्या पाण्याने धुऊन आण.

तुझा काका