दरवर्षी तोच गेम, नुसती जर्सी नवी

प्रश्न : ताई, मी कुडाळचा, सेकंड इयरला आहे. एप्रिल-मेमध्ये मामाच्या बागेत आंब्याच्या पेट्या भरून साठवलेले पैसे गणपती झाल्यावर फुटबॉलच्या नव्या गेमवर घातले, दोन रात्री डाउनलोड चालू होता, मध्येच लाईट गेली ती वेगळीच, आणि लावून बघतो तर काय, मेनूचा रंग बदललाय, जर्सी नव्या, बाकी सगळं गेल्या वर्षीचंच! आजी मागून बघून म्हणाली, "ह्यां तर गेल्या वर्षीचाच मां रे?" या कंपन्या जुन्याच नावांवर जरा जास्तच जगतायत असं नाही वाटत?

उत्तर : वाटतं ना. आणि आजीला नमस्कार सांग, ती एका वाक्यात बोलली त्याला मला अर्धा कॉलम लागणार.

पण नाव जुनं आहे म्हणून नाक मुरडू नकोस. तू कुडाळचा, म्हणजे जत्रेतला दशावतार बघितलाच असशील. संकासुर तोच, आख्यान सगळ्यांना पाठ, राक्षस मरणार हे शेंबड्या पोरालाही माहीत, तरी माणसं पहाटेपर्यंत हलत नाहीत, कारण लिहिलेले संवाद नसतातच, नट उभ्या उभ्या बोलतात आणि आज नारदाने राजाला हाणलेला टोमणा उद्याच्या गावात तसाच ऐकायला मिळेल याची खात्री नाही. झेल्डा या गेम-मालिकेचं नाव १९८६ पासूनचं, पण २०१७ च्या ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये त्यांनी ठरलेली वाटच मोडली, दिसेल तो डोंगर चढ म्हणाले. रेसिडेंट इव्हिल ४ ने २००५ मध्ये कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे आणून ठेवला, मग किती जणांनी ते उचललं ते बघच.

मला राग येतो तो तेच सोंग पुन्हा पुन्हा विकण्याचा. द लास्ट ऑफ अस २०१३ चा, २०१४ ला रीमास्टर, म्हणजे तोच गेम चित्रं चकचकीत करून, २०२२ ला परत नव्याने बनवला, तोही नव्या गेमच्या भावात. गेम झकास आहे, मी दोनदा खेळलेय, पण तिसऱ्यांदा खिशात हात जाईना.

आता ते असं का करतात, तर पैसा. त्याच गेमच्या दुसऱ्या भागाला जवळपास २२ कोटी डॉलर लागले, २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्याच्या कागदपत्रांतून तो आकडा बाहेर आला. एवढे ओतल्यावर नवं काही करायला हात थरथरणारच. कॉनकॉर्ड हा ऑनलाइन गोळीबाराचा गेम, नाव नवं होतं, २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद, पैसे परत. तसलेच गेम फुकटात खेळायला मिळत असताना तो विकत कोण घेणार हाही प्रश्न होताच म्हणा, पण साहेब लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच की नवं नाव बुडालं. एल्डन रिंग २०२२ मध्ये नव्या नावानेच तुफान चालला, २०२५ चा गेम ऑफ द इयर मिळाला तो एक्स्पिडिशन ३३ पण नवाच, ते मात्र मीटिंगमध्ये कुणाला आठवत नसावं.

तर पुढच्या वर्षी प्री-ऑर्डर अजिबात करू नकोस, चार-पाच महिने थांब, सेलमध्ये किंमत उतरते. तोवर आपल्या पुण्यात बनलेला २०२० चा 'राजी' हा गेम खेळून बघ, छोटासाच आहे. आणि फुटबॉलवाला घ्यायचाच असेल तर आधी पाच मिनिटांचा व्हिडिओ आजीला दाखव.