नवा ओव्हन, जुनी वायर

प्रश्न : आमचं घर सांगलीत गावभागात, तळमजल्यावर. कट्ट्याखालचा बिल्ट-इन ओव्हन आता तापतच नाही म्हणून नवीन घेतोय. जुना २२०० वॅटचा होता, नवा ३५०० चा आहे. दुकानदार म्हणतो जुना काढा नवा सरकवा, बाकी काही करायला नको. वायरमन म्हणतो फार तर एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) मोठा टाकू. आणि हो, २०१९ च्या पुरात स्वयंपाकघरात पाणी होतं, पण वायरिंग तेव्हा बदललं नाही. काय करावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, पुराचं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय, मी तिथूनच सुरू करतो. पाणी ओसरलं की भिंत वाळते, रंग देऊन होतो, पण आतल्या पाइपात गाळ राहतो आणि जिथं वायरला जोड असतो तिथं तांबं हिरवं पडत जातं. जुन्या ओव्हनला तो जोड कसाबसा पुरला असेल, नव्याला तापणार. म्हणून आधी मेगर नावाचं मीटर लावून त्या लाइनचं इन्सुलेशन, म्हणजे वायरवरच्या आवरणातून करंट गळत नाही ना ते, तपासून घ्या, ५०० व्होल्टला निदान १ मेगओहम तरी यायला पाहिजे. मला विचाराल तर पुरात बुडालेली वायर मी तपासत बसणार नाही, सरळ बदलेन.

आता हिशोब. २२०० वॅटला २३० व्होल्टवर साधारण साडेनऊ अँपिअर लागतात, ३५०० ला सव्वापंधरा. म्हणजे १६ अँपिअरचा पॉइंट काठोकाठ भरला, आणि रात्री व्होल्टेज २४५ वर गेलं तर हीटर १६ च्या वर ओढतो कारण हीटरला व्होल्टेज जास्त मिळालं की करंटपण वाढतो. नानकटाईचे चार ट्रे लावले की दीड-दोन तास हेच चालू. पिन काळी पडते, सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडून वास मारायला लागतं ते असंच.

एमसीबी मोठा टाकायचं मात्र अजिबात ऐकू नका. एमसीबी असतो भिंतीतल्या वायरसाठी, वायर झेपेल त्याच्या पुढं करंट गेला की त्यानं पडायचं. जुनी वायर तशीच ठेवून ३२ चा एमसीबी टाकला तर तो पडायचा बंद होईल आणि वायर आतल्या आत भाजत राहील. डीबीपासून, म्हणजे एमसीबी असतात त्या पेटीपासून, ओव्हनपर्यंत ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वेगळी लाइन ओढा, मध्ये जोड नको, त्याला २० चा एमसीबी, आणि पिनच्या ऐवजी एसीला लावतात तसला, फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा डीपी स्विच. स्विच ओव्हनच्या पाठीमागं नको, शेजारच्या कपाटात हात पोचेल असा, आणि घर तळमजल्याचं आहे तर जमेल तेवढा वर घ्या. कंपनीच्या पुस्तकात वेगळं काही लिहिलं असेल तर तेच करायचं, नाहीतर वॉरंटीला नाट लागते.

एक गोष्ट वायरमनला समोर उभं राहून दाखवा. ओव्हनच्या केबलमध्ये तपकिरी म्हणजे फेज, निळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. आपल्याकडं घरात न्यूट्रल काळी असते आणि थ्री फेज असेल तर निळी चक्क फेज. निळ्याला निळी जोडून मोकळा झाला तर घोटाळा. अर्थिंगची वायर नुसती लोंबकळत ठेवली नाही ना तेही बघा, आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर याच कामात बसवून घ्या. नवा ओव्हन पावसाळ्यात गोदामात पडून असेल तर हीटरमध्ये ओल धरतो आणि पहिल्यांदा लावताना आरसीसीबी पडू शकतो. तरी तो बायपास करायचा नाही, कंपनीच्या माणसाला बोलवायचं.

प्रश्न : केक अर्धा झाला की लाईट जाते, ओव्हन इन्व्हर्टरवर चालेल का?
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : नाही. घरातला इन्व्हर्टर पंखे-दिव्यांपुरता, ओव्हन लावला की ओव्हरलोड होऊन बंद पडेल. दार उघडू नका, आतली धग बराच वेळ टिकते. आणि लाईट आल्यावर बऱ्याच ओव्हनचं घड्याळ नुसतं लुकलुकत राहतं, वेळ लावल्याशिवाय ते तापतच नाहीत, तेव्हा बिघडला म्हणून लगेच मेकॅनिकला फोन करू नका.