बाजारवादी आणि भांडवलशाहीविरोधी लेखनाचा सूर इतका वेगळा का वाटतो?

दोन्ही बाजू अर्थकारणावरच लिहितात, मग एकीचं लेखन शांत आणि दुसरीचं संतप्त का वाटतं, असा प्रश्न आहे. माझ्या मते मुख्य फरक वाक्याच्या कर्त्यात आहे. बाजाराच्या बाजूने लिहिणारा बहुधा माणूस बाजूला ठेवतो: ‘मागणी घटली’, ‘किमती वाढल्या’, ‘रोजगार कमी झाले’. जणू पाऊस पडला. भांडवलशाहीचा विरोधक तीच घटना ‘मालकांनी कामगारांना काढून टाकलं’ अशी लिहितो. कर्ता आला की दोष कोणाचा ते दिसतं, आणि मग राग येतोच.

हे जुनंच आहे. अर्थतज्ज्ञ अ‍ॅडम स्मिथने १७७६ च्या ग्रंथात ‘अदृश्य हात’ हा शब्दप्रयोग केला: प्रत्येकजण आपला फायदा बघतो, पण त्यातून नकळत समाजाचंही हित साधतं. त्यात हात आहे, पण माणूस नाही. मार्क्सने १८६७ मध्ये भांडवलाला जिवंत श्रम शोषून जगणाऱ्या रक्तपिपासू पिशाच्चाची उपमा दिली.

पण हे सरसकट खरं नाही. बाजारवादी अर्थतज्ज्ञ हायेकचं १९४४ चं ‘द रोड टू सर्फडम’ (गुलामगिरीकडे जाणारा रस्ता) हे पुस्तक धोक्याचा इशारा देणारं आहे. सरकारी नियोजनावर लिहायची वेळ आली की बाजारवाद्यांनाही कर्ता लगेच सापडतो. उलट १८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यात भांडवलदार वर्गाने उभ्या केलेल्या उत्पादनशक्तीचं मोकळं कौतुक आहे.

म्हणून शांत सुराला मी तटस्थपणा समजत नाही. तसं लेखन वाचताना ‘हे कोणी केलं?’ असं विचारा. संतप्त लेखन वाचताना ‘ज्याला दोष दिलाय त्याच्यापुढे दुसरा कोणता मार्ग होता?’ असं.